वकीलकाकांची खोली : आपल्या घरांच्या कागदांचा थोडा इतिहास

स्मरणिकेसाठी "दोन-चार पानं लिहून दे" असा निरोप आला तेव्हा मला आधी आठवलं ते इतिहासाच्या पेपरातलं "कारणे द्या". सरांनी एकदा माझी उत्तरपत्रिका वर्गात दाखवून म्हटलं होतं, "तारखा सगळ्या बरोबर आहेत, पण कारणं कुठं आहेत?" तेव्हा वाईट वाटलं होतं. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले, इतिहास सुटला. पण गेल्या काही वर्षांत घरच्या कामासाठी मला जुने कागद वाचावे लागले, आणि तेव्हा कारणं हळूहळू दिसायला लागली. सर, उशीर झालाय, पण हे उत्तर तुमच्यासाठीच लिहिते आहे. सहल आणि स्नेहसंमेलनावर बाकीचे लिहितीलच. मी लिहिते आहे स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका खोलीबद्दल.

पत्र्याचं छप्पर, बाहेर एक लाकडी बाक, आत लाल फडक्यात बांधलेले बस्ते, आणि दारावर वहीच्या पुठ्ठ्याएवढी पाटी. आमच्या घरात त्यांना सगळे वकीलकाकाच म्हणायचे, म्हणून इथंही तेच नाव. पाटी इतकी लहान का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "अगं, वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिलचा नियम आहे तसा. लोकांनी लोकांना सांगावं, तेवढंच." पूर्ण्यात लोक लोकांना सांगतच होते. गाडी सुटायला वेळ असला की माणसं फलाटावरून उठून त्या बाकावर येऊन बसायची.

आपण मुलांनी वकील पाहिला तो सिनेमात, काळा कोट आणि "माय लॉर्ड". काकांच्या खोलीत खून-दरोडे फारसे यायचे नाहीत. यायचं ते घरातलं. रेल्वेच्या सेवापुस्तकात एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं, मग "दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे" असं प्रतिज्ञापत्र. लोको शेडमधला कुणी नोकरीत असताना गेला, तर बायकोचं कुटुंब निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, अनुकंपाचा अर्ज. भाडेपत्र, वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची पोटगी. फी कित्येकदा "पगार झाल्यावर द्या" अशी. म्हणजे या खोलीत आपल्या गावातल्या शेकडो घरांचा इतिहास बस्त्यांत बांधून ठेवलेला होता. तो कुणी शिकवला नाही, कारण तो परीक्षेला नव्हता.

मुसीकाठ, मुंबई, मग औरंगाबाद

आपल्या शाळेत झेंडावंदन वर्षातून चारदा व्हायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. पुण्यात माझ्या सहकाऱ्यांना हे चौथं झेंडावंदन समजावून सांगावं लागतं. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तो भारतात आला १७ सप्टेंबर १९४८ ला. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याचा आपल्या आजोबांच्या शेताच्या कागदाशी काय संबंध, हे मला काकांच्या खोलीत कळलं.

निजामी राज्यात कारभाराची आणि कोर्टाची भाषा आधी फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जागा उर्दूनं घेतली. घरात मराठी बोलणारा शेतकरी कोर्टात गेला की त्याचं स्वतःचं म्हणणं उर्दूत लिहिलं जायचं, आणि ते बरोबर लिहिलं की नाही हे त्याला कळायचं नाही. म्हणून वकील लागायचा, आणि वकिलाच्या आधी वाचून दाखवणारा लागायचा. काकांच्या वडिलांच्या वेळचे काही कागद त्यांच्या बस्त्यात होते. त्यांवर फसली सन असे. काकांनी मला सूत्र सांगितलं, "फसलीत ५९० मिळव, इसवी सन निघतो." १३५७ फसली म्हणजे १९४७. संस्थान गेल्यावरही हे सन एकदम गेलं नाही. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, त्या कायद्याच्या नावातच १३५८ फसली आहे.

ती भाषा गेली असं आपण म्हणतो, पण ती आपल्या तोंडात आहे. वकील, दस्त, वारस, फेरफार, तहसील, दिवाणी, फौजदारी, अर्ज, तक्रार, मुखत्यारपत्र, मौजे, इसम. यांतला एकही शब्द काढला तर तलाठी कार्यालयाचं काम एक दिवस चालणार नाही.

गावाचा इतिहास रेल्वेशिवाय सांगता येत नाही, तसा कोर्टाचाही नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज लाइन आपल्या गावावरून गेली. पुढे हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. निजामाच्या काळात मोठं अपील असलं की पक्षकार नांदेडच्या दिशेच्या गाडीत बसायचा, कारण उच्च न्यायालय हैदराबादला, मुसी नदीच्या काठी. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि गाडीची दिशा बदलली. आता परभणीकडे तोंड करून बसायचं, मनमाडला गाडी बदलायची आणि मुंबईला जायचं. चार एकरांच्या दाव्यासाठी मुंबईत वकील करणं किती जणांना परवडलं असेल? २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं, तेव्हा काकांच्या म्हणण्याप्रमाणे वकिलांनी पेढे वाटले होते. एका रात्रीचा प्रवास वाचला, म्हणजे एखाद्या विधवेला अपील करता आलं, असा त्या पेढ्यांचा अर्थ.

जमिनीच्या नोंदींचाही असाच थर आहे. आपल्या भागात जमिनीचं जुनं पान शोधायला गेलं की १९५४ च्या सुमाराच्या खासरा पत्रकापर्यंत जावं लागतं, मग पाहणी पत्रक, मग सातबारा. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आजही मराठवाड्यातल्या कुळांच्या दाव्यांत निघतो. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी त्याचा कागद बोलतोच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. कुणी, कधी, काय बदललं, सगळं क्रमांकानं. जुनं पुसायचं नाही. पहिल्यांदा मी घरचा सातबारा नीट वाचला तेव्हा त्यावरचे गोलातले आकडे पाहून हसू आलं. तो प्रत्येक आकडा म्हणजे एका फेरफाराचा क्रमांक, आणि त्या क्रमांकावरून गाव नमुना सहामध्ये गेलं की तो बदल का झाला ते कळतं. जुन्या खातेदाराचं नाव पुसत नाहीत, कंसात टाकतात. आमच्या धंद्याला जे अलीकडे सुचलं, ते तलाठी कितीतरी आधीपासून करत होता.

फेरफारातली आत्या

माझे वडील लोको शेडमध्ये होते. गावाकडे आजोबांची चार एकर वडिलोपार्जित जमीन होती. २०१७ साली वडील गेले. मागे आई, मोठी बहीण, मी आणि धाकटा भाऊ. बहीण नांदेडला, मी पुण्याला, आई आणि भाऊ पूर्ण्यात. जमीन भाऊच कसतो. तेरावं झालं, आणि आपल्याकडे जे होतं तेच झालं. कुणीतरी वडीलधारं म्हणालं, "पोरींनी हक्क सोडून द्यावा म्हणजे एक काम मिटलं." कुणाच्याही मनात पाप नव्हतं. ही रीत आहे. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं माहेरपण सांभाळायचं.

मला तर त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. मला पगार चांगला, भावाचं उत्पन्न पावसावर. एका ठिकाणी हक्कसोडपत्राचा मसुदा टाइप करून घेतला, दोनशे रुपयांच्या मुद्रांकाचा, आणि सहीच्या आधी "काकांना एकदा दाखवू" म्हणून मी तो घेऊन गेले.

काकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पोरी, हे तू वाचलंस का?"

मी म्हटलं, "हो काका."

"मग मला सांग, लिहून देणार कोण कोण आहेत?"

मी पुन्हा वाचलं. मोठी बहीण, मी, आणि तिसरं नाव आईचं. आई तिचाही हिस्सा मुलाला लिहून देत होती. मी रोज दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, आणि माझ्या आईचं नाव माझ्या नजरेतून सुटलं होतं. सुटलं कशाला, मी पाहिलं होतं, पण ते मला चूक वाटलंच नव्हतं.

काकांनी मग मला जुना फेरफार काढून आणायला सांगितला. तहसीलमधून नक्कल मिळाली. आजोबा १९७२ च्या दुष्काळात गेले होते. पुढच्या वर्षीच्या फेरफारात लिहिलं होतं की मयताला वारस एक मुलगा, एक मुलगी, आणि मुलीनं जबाब दिला की तिला हिस्सा नको. खाली शाईचा अंगठा. ती माझी आत्या. तिला वाचता येत नव्हतं. मी तिच्या मांडीवर खेळले आहे, दर दिवाळीला तिच्या हातच्या करंज्या खाल्ल्या आहेत. नवरा लवकर गेला, आणि ती आयुष्यभर लोकांच्या रानात निंदणी-खुरपणीला गेली. २००९ साली ती वारली.

"हिचा किती होता काका?" मी विचारलं.

त्यांनी मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला १७ जून १९५६ ला. (तेव्हा आपण अजून हैदराबाद राज्यातच होतो, मुंबई राज्यात यायला साडेचार महिने होते.) त्या कायद्यानं मुलगी वडिलांची वारस झाली, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क फक्त मुलालाच राहिला. म्हणून आजोबा गेले त्या दिवशी आधी मनातल्या मनात वाटणी करायची. आजी आधीच गेली होती, त्यामुळे अर्धी आजोबांची, अर्धी माझ्या वडिलांची. मग आजोबांच्या अर्ध्यात मुलगा आणि मुलगी सारखे. आत्याला पाव, म्हणजे एक एकर.

"आणि फेरफारानं मालकी येतही नाही, जातही नाही," काका म्हणाले. "ती महसुलाची नोंद आहे. स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. त्या अंगठ्यानं कायद्यात तिचा हक्क गेला नव्हता. पण तिला ते सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि ती विचारायला आली नाही."

हा फेरफार माझ्या वडिलांच्या बाजूचा होता. माझ्या वडिलांवर माझं फार प्रेम आहे. त्यांनी मला शिकवलं, होस्टेलला पाठवलं, गावात बोलणाऱ्यांची तोंडं बंद केली. आत्याची ती एक एकर आमच्या चार एकरांत होती, आणि माझ्या फीमध्ये तिचा किती भाग होता याचा हिशोब मला मांडता येत नाही.

मे १९९४ आणि जून १९९४

मुलीला जन्मानं हक्क मिळण्याची गोष्ट लांबलचक आहे, आणि तिच्यात आपल्या राज्याचा मोठा वाटा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला वाटा देण्याचा आग्रह धरला. बिल रेंगाळलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे बिल होतं. आपल्या गावात १४ एप्रिलची मिरवणूक किती मोठी निघते ते सांगायला नको. पण बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं त्यात सगळ्याच जातींच्या मुलींच्या हक्काचा प्रश्न होता, हे मला त्या मिरवणुकीत कधी कुणी सांगितलं नव्हतं. पुढे ते बिल तुकड्यांनी मंजूर झालं, आणि १९५६ च्या कायद्यात जन्मानं हक्काचा भाग राहूनच गेला.

तो महाराष्ट्रानं १९९४ साली दिला. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. २२ जून १९९४ पासून मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार झाली. मैत्रिणींनो, ही तारीख नीट पाहा. शाळा नुकती उघडली होती, आपण नववीत बसलो होतो, पुस्तकांना कव्हरं घालत होतो. आपल्यातल्या एकीलाही त्या दिवशी काही झाल्याचं कळलं नाही. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आणखी एक अधिसूचना निघाली. पोटगी, मिळकत, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या दाव्यांत बाईला कोर्ट फी माफ. हेही आपल्याला कुणी सांगितलं नाही.

पण १९९४ च्या कायद्यात एक अट होती. ज्या मुलींची लग्नं त्या तारखेआधी झाली, त्यांना तो लागू नव्हता. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न मे १९९४ मध्ये झालं. तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या मांडवात वाढायला होत्या. एका महिन्याच्या फरकानं, एकाच आईबापाच्या दोन मुलींपैकी एकीला हक्क आणि एकीला नाही. अशा किती बहिणी असतील मराठवाड्यात? उन्हाळ्यातच लग्नं होतात आपल्याकडे.

केंद्राच्या कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली आणि तिनं लग्नाची अट काढून टाकली. मग प्रश्न आला की वडील त्या तारखेला जिवंत असायला हवेत का. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुलवतीच्या खटल्यात "हवेत" म्हटलं, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी "नकोत, हक्क जन्मानं आहे" असं सांगून तो वाद संपवला. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

आमचे वडील २०१७ पर्यंत होते, त्यामुळे आमच्या घरात तेव्हाही शंका नव्हती. काकांनी कागदावर लिहिलं. वडील, आई, भाऊ, दोघी बहिणी असे पाच हिस्से. वडिलांचा पाचवा भाग पुन्हा चौघांत. एक पंचमांश आणि एक विसांश मिळून प्रत्येकाला पाव. चार एकर, चार माणसं, एकेक एकर. इतका सरळ आकडा आला की मीच दोनदा तपासला.

तीन सह्या

काकांनी नंतर जे केलं ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ते म्हणाले, "तिघींनी वेगवेगळं या. एकटीनं. घाई नको."

आई गेली तेव्हा त्यांनी तिला एवढंच विचारलं, "वहिनी, उद्या दवाखान्याला पैसे लागले तर कुणाकडे मागाल?" आई म्हणाली, "पोराकडे." ते म्हणाले, "आणि त्यानं दिले नाहीत तर?" आई गप्प बसली. भाऊ वाईट नाही. पण आईनं आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला.

बहीण गेली तेव्हा ती रडली. तिच्या यजमानांचं आजारपण दोन वर्षं चाललं होतं, हे मला माहीत होतं. तिला तिचा एकर हवा होता, हे मला माहीत नव्हतं. काकांना ती म्हणाली, "धाकटी एवढी शिकलेली, तीच सोडतेय. मी मागितलं तर लोक मला काय म्हणतील?" म्हणजे माझ्या सहीनं तिची सही ओढून आणली असती. मी उदारपणा समजत होते, आणि त्याची किंमत माझ्या बहिणीनं मोजली असती.

शेवटी आईनं सही केली नाही. बहिणीनं केली नाही. मी केली. माझा एकर मी भावाच्या नावे केला. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो काढला आणि यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. मी इंजिनिअर, सगळा दस्त शब्दनशब्द वाचलेली, तरी अंगठा ठेवताना मला आत्या आठवली.

भाऊ दुखावला. "मी आईला उघड्यावर टाकणार आहे असं वाटतं का तुम्हाला?" असं तो म्हणाला, आणि त्याचंही चुकलं नव्हतं. दोन वर्षं तो बहिणीकडे भाऊबीजेला गेला नाही. त्या दोन दिवाळ्या आईनं कशा काढल्या ते तिलाच माहीत. मग काकांनीच मध्ये पडून बहिणीचा एकर भावाला बटईनं द्यायचं ठरवून दिलं, अर्धं पीक तिला. कोर्टात कुणी गेलं नाही. पहिल्या वर्षीचं सोयाबीन विकून भाऊ स्वतः नांदेडला पैसे द्यायला गेला, आणि तिथंच जेवून आला.

माझा निर्णय बरोबर होता का? मला अजून सांगता येत नाही. मध्यंतरी माझी मुलगी मोबाईलवर आमचा सातबारा पाहत होती. "आई, मामाचं नाव आहे, आजीचं आहे, मावशीचं आहे. तुझं?" मी तिला फेरफार दाखवला. ती म्हणाली, "तुला नको होतं म्हणून सोडलंस, की सोडायचं असतं म्हणून?" मी म्हटलं, "वाचून सोडलं." तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही.

जाता जाता

आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. आईवडील थकलेत, काहींचे गेलेत. म्हणून काकांच्या खोलीतल्या चार गोष्टी सांगून थांबते.

बँकेत किंवा विम्यात नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, असं समजू नका. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारस असतात. सर्वोच्च न्यायालयानं हे विम्याबाबत १९८३ साली सांगितलं. विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये जोडीदार, आईवडील आणि मुलं यांच्यापुरता बदल झाला. पण शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच ठरलं, आणि तो खटला होता 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीचा. घराघरात तिथी सांगणाऱ्या माणसाच्या मागेही हा प्रश्न आला, तर आपलं काय?

मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही हवी.

घरात कुणी गेलं की वारसांच्या नोंदीत आईचं आणि बहिणींची नावं आहेत का, ते स्वतः पाहा. पुरुष मित्रहो, हे तुमच्यासाठी आहे. बहीण सोडणार असेल तर तिला सोडू द्या, पण आधी तिचं नाव लागू द्या. काय सोडलं हे तिला कळलं पाहिजे.

आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी बाई गप्प बसली असेल, तर तिला सांगा की बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ ला अमलात आला, आपण दहावीत होतो तेव्हा. तालुक्याच्या न्यायालयात समिती असते, १५१०० हा फोन क्रमांक आहे.

वकीलकाका २०२१ साली गेले. त्यांच्या खोलीत आता एक तरुण वकील बाई बसते, आपल्याच शाळेची, आपल्या कितीतरी मागच्या तुकडीतली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, तरी बायकांना वकिली करू देणारा कायदा यायला १९२३ साल उजाडावं लागलं. त्यालाही शंभर वर्षं होऊन गेली, आणि पूर्ण्याच्या त्या गल्लीत आता बायका बाकावर बसून सरळ आत जातात, "ताई आहेत का?" विचारत. जुने बस्ते तिनं फेकले नाहीत. मागच्या दिवाळीला मी गेले होते, तेव्हा ती त्यांची यादी करत होती. मी तिला एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला आहे, नाव आणि साल टाकलं की कुठल्या बस्त्यात कागद आहे ते सांगणारा.

पहिली नोंद मी आत्याच्या नावानं केली.